आधी तिकीट फाडा

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. तेहतीस वर्षं त्यांनी खांद्याला कातडी बॅग लावून लोकांचे पैसे घेतले, तिकीट फाडलं आणि सुट्टे परत दिले. ड्युटीवर जाताना स्वतःच्या खिशात किती पैसे आहेत ते आधी वेबिलावर लिहायचं, म्हणजे वाटेत तपासणी पथक चढलं तर बॅगेतले पैसे आणि तिकिटांचा हिशेब जुळतो का ते पाहता यावं. संध्याकाळी डेपोत कॅश भरताना दोन रुपये कमी पडले तर ते बाबांच्या खिशातून जायचे. जास्त भरले तर त्याचंही उत्तर द्यावं लागायचं.

अशा माणसाला घेऊन मी २०२४च्या शेवटी थायलंडला गेले. त्यांचा पहिला विमानप्रवास, पहिला पासपोर्ट. डॉलर शहरात आधीच घ्यायला हवे होते, पण सुट्टी मंजूर होईपर्यंत वेळच राहिला नाही. "विमानतळावर मिळतात की," असं म्हणून मी तो विषय संपवला होता. ही माझी चूक, ती आधीच कबूल करते. कारण पुढे जे सांगायचंय त्यावर पहिला शेरा हाच येणार की 'तुम्ही आधी घ्यायचे होते'.

विमानतळावरच्या काउंटरवर चकचकीत पाटी होती : शून्य कमिशन. शेजारी फलकावर डॉलरचे दोन भाव. आम्ही विकले तर ७९ रुपये ७० पैसे, विकत घेतले तर ८९ रुपये २० पैसे. माझ्या फोनवर त्या क्षणी डॉलरचा बाजारभाव दिसत होता साडेचौऱ्याऐंशी.

बाबांनी चष्मा वर करून फलक वाचला आणि काउंटरमागच्या मुलाला विचारलं, "यात तुमचं काय सुटतं?"

"झिरो कमिशन आहे काका."

"ते वाचलं मी. पण घेताना एकोणऐंशी सत्तर, देताना एकोणनव्वद वीस. मधले साडेनऊ रुपये कुणाचे?"

"तो रेट असतो काका."

"रेट कुणी ठरवला?"

"बाबा, मागे लाइन आहे," मी म्हणाले.

आणि बाबा गप्प झाले. आम्ही ५०० डॉलर घेतले, ४४,६०० रुपये दिले. पावती मिळाली. तिच्यावर कमिशनच्या पुढे शून्य होतं आणि जीएसटी ८० रुपये. बाजारभावानं तेच डॉलर ४२,२५० रुपयांचे होते. मधले २,३५० रुपये पावतीवर कुठंच नव्हते.

विमानात बसल्यावर बाबा ती पावती उलटसुलट करून बघत होते. मग म्हणाले, "तिकीट न फाडता पैसे घेतले की आमच्याकडे त्याला अपहार म्हणायचे. माणूस घरी बसायचा."

तेव्हा मी हसले होते. आता वाटतं की या सगळ्या विषयात मी ऐकलेलं सर्वांत शहाणपणाचं वाक्य तेच होतं.

हॅक नावाचा मलम

परदेशी जाताना पैसे कसे वाचवायचे, असं फोनवर शोधून बघा. रीळांचा पाऊस पडतो. 'या सात चुका करू नका', 'हे कार्ड घ्या', 'हे बटण दाबू नका'. सांगणारा हसरा असतो, मागे समुद्र असतो आणि खाली कार्डासाठी अर्ज करायची लिंक असते. त्यातला सल्ला बहुतेक वेळा खरा असतो. माझी तक्रार वेगळी आहे. या सगळ्या सल्ल्याच्या तळाशी एक गृहीतक असतं की ज्याचे पैसे गेले तो बावळट होता. त्याला माहीत नव्हतं, त्यानं वाचलं नाही, त्यानं चौकशी केली नाही.

बाबांनी चौकशी केली होती. थेट काउंटरवर, स्वच्छ मराठीत, नेमका प्रश्न विचारून. त्यांना उत्तर मिळालं नाही आणि त्यांच्या मुलीनंच त्यांना गप्प केलं. माहितीची कमतरता हा इथला रोग नाही. किंमत सांगायची नाही आणि तरी ती वसूल करायची, ही इथली मान्यताप्राप्त पद्धत आहे. आणि त्या पद्धतीवर आपण हॅकचा मलम लावत बसलोय.

ही पद्धत चालते कशी, ते आमच्याच सहलीच्या हिशेबावरून सांगते. बाबांनी वही ठेवली होती, त्यामुळे आकडे आहेत.

पहिला खिसा : भाव

चलन बदलून देणाऱ्याला कमिशन लागतच नाही. तो घेण्याचा आणि विकण्याचा भाव वेगळा ठेवतो आणि त्यातून कमावतो. यात गैर काही नाही, भाजीवालाही तेच करतो. पण भाजीवाला 'शून्य नफा' अशी पाटी लावत नाही.

त्या फलकावरच्या भावांचा अर्थ कळायला एक साधा प्रयोग करा. समजा मी १ लाख रुपये देऊन डॉलर घेतले आणि दोन पावलं मागे येऊन तेच डॉलर त्याच काउंटरला परत विकले. मला ८९,३५० रुपये मिळतील. कुठंही न जाता, काहीही न खाता १०,६५० रुपये गेले. आणि दोन्ही पावत्यांवर कमिशन शून्य.

यातली गंमत जीएसटीच्या नियमात आहे. चलन बदलून देण्याच्या सेवेची किंमत काढण्यासाठी नियमात एक सोपी पद्धत दिली आहे : १ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेच्या १ टक्का, किमान २५० रुपये, ही सेवेची किंमत धरायची आणि तिच्यावर १८ टक्के कर लावायचा. आमच्या ४४,६०० रुपयांवर ती किंमत निघाली ४४६ रुपये आणि कर ८० रुपये. म्हणजे सरकारच्या लेखी त्या काउंटरनं आम्हाला ४४६ रुपयांची सेवा दिली. प्रत्यक्षात घेतले २,३५०. पाचपटीहून जास्त.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार परवानाधारक चलन विक्रेत्यांनी काउंटरजवळ भावाचा तक्ता लावायला हवा. तो लावलेला असतो, खोटं कशाला बोला. पण भाव किती ठेवायचा याची त्यांना मोकळीक आहे आणि बाजारात आज काय भाव आहे हे तक्त्यावर लिहायची सक्ती नाही. म्हणजे वजन दाखवायचं, पण मापाशेजारी काटा ठेवायचा नाही.

आता बँकॉक. तिथल्या सुवर्णभूमी विमानतळावर उतरलं की बाहेर पडण्याच्या मजल्यावर बँकांचे काउंटर ओळीनं आहेत आणि त्यांचे भाव वाईट. त्याच इमारतीत खाली, शहरात जाणाऱ्या रेल्वेच्या मजल्यावर उतरलं की छोट्या चलन दुकानांची रांग लागते आणि तिथले भाव जवळपास शहरासारखे. इमारत तीच, विमानतळ तोच, नोटा त्याच. मधे फक्त सरकता जिना.

बाबा खालच्या मजल्यावर तीन दुकानांच्या फलकांसमोर उभे राहिले. शंभर डॉलरच्या कोऱ्या नोटेला सर्वांत चांगला भाव, सुट्ट्या छोट्या नोटांना कमी, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. घेण्या-विकण्याच्या भावातला फरक शेकडा अर्धा टक्काही नव्हता. "इथं बरं आहे," ते म्हणाले, "शेजारीच दुसऱ्याचा फळा आहे."

स्पर्धा, बाजार, मागणी-पुरवठा यावर मी कॉलेजात तीन वर्षं जे शिकले ते बाबांनी एका वाक्यात सांगितलं. भाव खाली येतो तो दुकानदार सज्जन असतो म्हणून नाही. शेजारचा फळा दिसतो म्हणून. आपल्याकडे तो दिसू नये अशीच सगळी रचना आहे.

दुसरा खिसा : यंत्र

क्राबीला पोचेपर्यंत रोख संपत आली. मी एटीएममधून १०,००० बाट काढले. तेव्हाच्या बाजारभावानं ते २४,८५० रुपये होत होते.

थायलंडमधल्या बँका परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी ठरावीक शुल्क घेतात, बरीच वर्षं ते २२० बाट होतं. निदान ते पडद्यावर लिहून येतं आणि 'मान्य आहे का' असं विचारलं जातं. झाले ५४७ रुपये. मग माझ्या बँकेनं परदेशी व्यवहार म्हणून साडेतीन टक्के लावले : ८८९ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी : १६० रुपये. शिवाय परदेशी एटीएम वापरल्याचं शुल्क, करासह १४७ रुपये. एकूण १,७४३. काढलेल्या रकमेच्या ७ टक्के.

साडेतीन टक्के हा आपल्याकडच्या अनेक बँकांचा परदेशी खर्चावरचा नेहमीचा आकडा आहे. त्यावर जीएसटी धरला की ४.१३ टक्के होतात, म्हणजे १ लाख खर्चावर ४,१३० रुपये. हा आकडा बँकेच्या संकेतस्थळावर असतो. मुख्य पानावर नाही, शुल्कांच्या पत्रकात, खालून कुठंतरी. पण व्यवहार होताना फोनवर जो संदेश येतो त्यात तो नसतो. कॉफी प्यायलो तर बँक तीन सेकंदांत कळवते की खात्यातून इतके रुपये गेले. त्यातले आमचे किती, हे मात्र महिनाअखेरीस विवरणपत्रात आपण शोधायचं.

तिसरा खिसा : 'आपल्याच रुपयांत द्या ना'

सर्वांत चीड आणणारा प्रकार हा. हॉटेलचं बिल १२,००० बाट. काउंटरवरच्या मुलीनं कार्ड घेतलं, यंत्रावर दोन बटणं दाबली, गोड हसून पावती पुढे केली. मी सही केली. खोलीत येऊन बघते तर बिल रुपयांत लागलं होतं : ३१,६८० रुपये. बाजारभावानं २९,८२०. फरक १,८६०.

याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. म्हणजे तुमचं कार्ड भारतातलं आहे हे ओळखून यंत्र विचारतं की स्थानिक चलनात पैसे द्यायचे की तुमच्या चलनात. तुमचं चलन निवडलंत की भाव व्हिसा किंवा मास्टरकार्डचा राहत नाही, दुकानदाराच्या यंत्रामागची कंपनी तो ठरवते आणि वाढाव्यातला वाटा दुकानदारालाही मिळतो. भर म्हणजे रुपयांत व्यवहार झाला तरी परदेशात झाला म्हणून अनेक भारतीय बँका वेगळं शुल्क लावतातच.

कार्ड कंपन्यांचा नियम आहे की ग्राहकाला निवड दिलीच पाहिजे. नियम पाळला गेला होता. पावतीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की मला चलनाची निवड देण्यात आली आणि मी रुपये निवडले. खाली माझी सही. मला कुणी काही विचारलं नव्हतं.

या प्रकाराचा गाभा मला फार ओळखीचा वाटतो. तुम्ही परक्या गावात आहात, आकडे मनात फिरवून थकला आहात आणि कुणीतरी म्हणतं, 'तुमच्याच पैशात सांगतो ना'. आपुलकीच्या आवाजात केलेली ही लूट आहे. 'रुपयांत कळतं म्हणून बरं' असं वाटणारा माणूस मूर्ख नसतो, तो फक्त दमलेला असतो. आणि दमलेल्या माणसाच्या दमण्यावर कुणाचा तरी धंदा उभा आहे.

'अहो, पण इतकं काय?'

या विषयावर मित्रांशी वाद घालताना तीन उत्तरं हमखास येतात.

पहिलं : विमानतळाचं भाडं जबरदस्त असतं, नोटा आणायच्या, सांभाळायच्या, खोट्या ओळखायच्या, विमा काढायचा, हे फुकट होत नाही. मान्य. कुणीच फुकट मागत नाहीये. बाबांनी काउंटरवर 'तुमचं काय सुटतं' असं विचारलं होतं, 'फुकट द्या' असं नाही. भाडं जास्त असेल तर ५०० डॉलरमागे २,३५० रुपये सेवाशुल्क अशी पाटी लावा. ज्याला परवडेल तो घेईल, नाहीतर शंभर डॉलर घेऊन पुढे जाईल. पण तसं लिहिलं तर कुणी घेणार नाही, म्हणूनच लिहीत नाहीत. किंमत लपवली तरच चालणारा जो धंदा असतो त्याच्या भाड्याची काळजी मी का करू?

दुसरं : आता झिरो मार्कअप कार्डं आली आहेत, ती घ्या. आली आहेत आणि चांगली आहेत. पण ती कुणाला मिळतात? पगाराच्या पावत्या, चांगला क्रेडिट स्कोअर, फोनवर केवायसी, इंग्रजी ॲप. मला मिळालं, बाबांना मिळालं नसतं. पहिल्यांदा आखातात कामाला निघालेल्या रत्नागिरीच्या मुलाला, ग्रुप टूरला निघालेल्या निवृत्त शिक्षिकेला, मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आजीला मिळत नाही. मग होतं असं की ज्याला सगळं माहीत आहे आणि ज्याच्याकडे आधीच बरं चाललंय तो शून्य टक्के देतो, आणि ज्याला पहिल्यांदाच जायचंय तो ७ टक्के देतो. माहितीवर लावलेला हा कर आहे आणि तो उलटा आहे, कमी असलेल्यांवर जास्त.

प्रीपेड फॉरेक्स कार्डाचंही तेच. 'भाव आधीच गोठवा, निश्चिंत राहा' हे खरं. पण कार्डात डॉलर भरलेत आणि खर्च बाटमध्ये केलात, की क्रॉस करन्सी नावाचं शुल्क लागतं. उरलेले पैसे परत घेताना पुन्हा खरेदीचा भाव. प्रत्येक दारावर एक टोल.

तिसरं उत्तर मला सर्वांत जास्त झोंबतं : परदेशी फिरायची ऐपत आहे ना, मग दोन-चार हजारांसाठी काय रडता?

बाबांच्या वहीत या सहलीचा 'चलन-फरक' म्हणून जो आकडा आहे तो ६,०३३ रुपये. काउंटर २,३५० आणि कराचे ८०, एटीएम १,७४३, हॉटेल १,८६०. बाबांना ईपीएस-९५ योजनेखाली जी पेन्शन मिळते तिचे हे दोन महिने आहेत. तेहतीस वर्षांच्या नोकरीची दोन महिन्यांची किंमत, सात दिवसांत, एकाही पावतीवर धड न दिसता गेली. ऐपतीचा प्रश्न ज्यांना सुचतो त्यांनी ऐपत कुठून येते हेही बघावं.

आणि हे फक्त फिरण्यापुरतं नाही. जर्मनीला शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. युरो ९० रुपयांचा धरला तरी ही रक्कम १० लाख ७१ हजारांवर जाते. बँकेनं बाजारभावावर फक्त २ टक्के चढवले तर २१,४०० रुपये झाले. माझ्या मावसभावाच्या वेळी मावशीनं शेतीच्या तुकड्यावर कर्ज काढलं होतं. बँकेत तिला आजचा भाव सांगितला, बाजाराचा भाव सांगितला नाही. हा फरक घासाघीस करून कमी होतो हे तिला ठाऊक नव्हतं. मोठ्या कंपनीचा माणूस तोच फोन करतो तेव्हा त्याच्यासाठी पैशापैशानं भाव उतरतो. मावशी 'साहेब, बरोबर आहे ना?' एवढंच विचारते.

आपण विचारत का नाही?

याचं एक कारण जुनं आहे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीसाठी परकीय चलन ही मिळण्याची वस्तू होती, विकत घेण्याची नव्हे. खिशात आठ डॉलर घेऊन अमेरिकेत उतरलेल्यांच्या कथा आपण कौतुकानं ऐकल्या. १९७३च्या फेरा कायद्यात डॉलर बाळगणं हा संशयाचा विषय होता. १९९१मध्ये देशानं सोनं गहाण टाकलं. १९९९च्या फेमा कायद्यानं भाषा बदलली, आता एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. पण मनातली रांग अजून रेशनचीच आहे. डॉलर दिले हेच उपकार. भाव कसला विचारता?

सरकारलाही आपल्याकडून सगळं हवं असतं. पॅन द्या, पासपोर्ट द्या, तिकीट दाखवा, प्रवासाचं कारण लिहा. रोखीनं ५० हजारांपेक्षा कमीच. एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच नोटा. परत आल्यावर उरलेल्या २,००० डॉलरपेक्षा जास्त असतील तर १८० दिवसांत परत करा. ग्राहकानं काय काय उघड करायचं याची यादी एवढी मोठी. विकणाऱ्यानं मात्र दोन आकडे लावले की त्याचं काम झालं.

दुसरं कारण माझं आहे आणि ते सांगायची लाज वाटते. त्या दिवशी मी बाबांना गप्प केलं ते रांगेमुळे नाही. मागच्या लोकांना काय वाटेल म्हणून. डॉलर घेताना साडेनऊ रुपयांवर अडून बसणारा म्हातारा आणि त्याची मुलगी. मला तिथं शोभून दिसायचं होतं. माझ्यासारख्या पहिल्यांदा त्या रांगेत आलेल्यांची ही लाज त्या काउंटरचं खरं भांडवल आहे. भाड्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

मागणी साधी आहे

भारतात रोज डॉलर, पौंड, युरो, येन यांचा संदर्भ दर जाहीर होतो. आधी रिझर्व्ह बँक तो काढायची, २०१८पासून एफबीआयएल ही संस्था काढते. म्हणजे मोजायला काटा आहे. माझं म्हणणं एवढंच की तो काटा काउंटरवर आणा.

भावाच्या फलकावर दोन रकाने असतात, तिथं तिसरा करा : आजचा संदर्भ दर. पावतीवर एक ओळ वाढवा : संदर्भ दरापेक्षा तुमच्याकडून इतके रुपये जास्त घेतले. कार्डाच्या संदेशात एक वाक्य घाला : यात आमचं शुल्क इतकं. आणि भावात नफा ठेवलेला असताना 'शून्य कमिशन' अशी पाटी लावायला बंदी करा.

हे स्वप्नरंजन नाही. युरोपीय संघानं २०१९मध्ये नियम केला आणि एप्रिल २०२०पासून तिथल्या लोकांना कार्डावर चलन बदलताना युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा किती टक्के जास्त घेतले जात आहेत ते व्यवहाराआधी सांगावं लागतं. कोणत्याही दुकानाला टाळं लागलं नाही.

आपल्याकडेही हात बांधलेले नाहीत. छोट्या ग्राहकाला वाईट भाव मिळतो हे ओळखूनच ऑगस्ट २०१९मध्ये एफएक्स-रिटेल नावाचा मंच सुरू झाला. त्यावर साध्या ग्राहकालाही बाजाराचा भाव दिसतो आणि बँकेला तिचं शुल्क वेगळं सांगावं लागतं. तुमच्या शाखेत जाऊन हे नाव घ्या आणि समोरच्याचा चेहरा बघा. ज्या देशानं यूपीआय भाजीच्या गाडीपर्यंत नेलं, फेब्रुवारी २०२३मध्ये सिंगापूरच्या पेनाऊशी जोडलं, त्या देशाला पावतीवर एक ओळ छापता येत नाही, यावर मी विश्वास ठेवणार नाही.

तोवर

नियम बदलेपर्यंत तुम्ही प्रवास थांबवणार नाही, मीही नाही. म्हणून हॅकवर टीका करूनही हे सांगते. डॉलर शहरात घ्या, दोन-तीन ठिकाणी भाव विचारून. विमानतळावर घ्यावेच लागले तर पहिल्या टॅक्सीपुरते घ्या. यंत्रानं विचारलं तर कायम स्थानिक चलन निवडा, आणि कार्ड दुसऱ्याच्या हातात असेल तर बटण दाबायच्या आधी मोठ्यानं सांगा. एटीएमचं ठरावीक शुल्क असेल तिथं थोडे थोडे चार वेळा काढू नका. निघण्याआधी आपल्या बँकेला लेखी विचारा की परदेशी खर्चावर एकूण किती टक्के, करासह. आणि घरातलं कुणी पहिल्यांदा जात असेल तर त्यांच्यासोबत काउंटरपर्यंत जा. फॉर्म भरायला नव्हे, त्यांनी प्रश्न विचारला तर बाजूला उभं राहायला.

विचारायचा प्रश्नही एकच आहे : आजचा बाजारभाव काय आणि तुम्ही त्यावर किती घेता, रुपयांत सांगा. उत्तर मिळणार नाही कदाचित. पण मागच्या रांगेतल्या चार जणांना प्रश्न ऐकू जाईल.

परत येताना आमच्याकडे वीस डॉलर आणि थोडे बाट उरले होते. उतरल्यावर तसाच एक काउंटर, तशीच पाटी. बाबांनी फलक वाचला, माझ्याकडे बघितलं. यावेळी मी रांगेकडे पाहिलं नाही.

"विचारा बाबा," मी म्हणाले.

"नको," ते म्हणाले. "याला तिकीट फाडायची सवयच नाही."

ते वीस डॉलर अजून त्यांच्या वहीत आहेत. त्या पानावर तारीख आहे, शिल्लक आहे, आणि ६,०३३च्या पुढे कंसात लिहिलंय : पावती नाही.